साठवणाला ऊन

महादेवप्पांच्या माळ्यावर दोन संस्थानं होती. डाव्या अंगाला बायकोच्या, नागव्वांच्या कुरडया, शेवया, सांडगे. उजव्या अंगाला गाडीचं उरलेलं तेलपाणी. अर्धी बाटली ब्रेक ऑइल, तळाशी राहिलेलं कूलंट आणि कुठल्या साली आणलं ते देवालाच ठाऊक असलेलं गियर ऑइल. "तेल काय नासतंय व्हय? लोणच्यासारखं मुरतंय," असं ते ठामपणे सांगत.

पण आता गाडीच जाणार होती. सत्तरीनंतर स्टिअरिंग नको, असा पुण्याच्या लेकाचा, मंजुनाथचा हुकूम होता आणि त्यानं फोनवरच गिऱ्हाईक ठरवलं होतं. अक्कलकोटचे अनिलकुमार रविवारी संध्याकाळी गाडी बघून घेऊनच जाणार होते. दर सोमवारी नागव्वांना याच लाल गाडीतून अक्कलकोटला माहेरी न्यायचं, हा महादेवप्पांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्यांचा जीव तुटत होता, पण पोराला शब्द दिलेला. निदान लेकीसारखी शिदोरी बांधून पाठवावी म्हणून त्यांनी रविवारी सकाळी सगळ्या बाटल्या खाली काढल्या आणि मंजुनाथला फोन लावला.

"ब्रेक ऑइल टाकून द्या अप्पा. एकदा बाटली उघडली की वर्षभरात बाद होतं ते. हवेतली ओल धरतं."

"ओल धरतंय? एवढंच व्हय?"

महादेवप्पांचा चेहरा उजळला. ओल धरलेल्या वस्तूचं काय करायचं, हे सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. डाळ असो, तिखट असो, गादी असो, वैशाखाचं ऊन दाखवलं की काम झालं. गच्चीवर मात्र नागव्वांच्या कुरडया वाळत होत्या आणि कावळे हाकायला त्या स्वतः काठी घेऊन बसल्या होत्या. तिथं तेलाला प्रवेश मिळणं शक्य नव्हतं. मग त्यांनी अंगणातल्या गाडीच्या बॉनेटवरच बाटल्या मांडल्या, झाकणं काढली आणि धूळ जाऊ नये म्हणून तोंडांना फडकी बांधली.

"काय करूलालाव हो तिथं?" वरून आवाज आला.

"साठवणाला ऊन दाखवायलोय."

"मीठ लावलाव का?"

महादेवप्पा आत जाऊन पंख्याखाली आडवे झाले.

उठून बघतात तर ब्रेक ऑइलची बाटली आडवी, फडकं भलतीकडे, आणि बॉनेटभर तेलात कावळ्याच्या पायांची नक्षी. त्यांनी घाईनं फडक्यानं पुसलं. फडकं लाल झालं. जोरात पुसलं, तर फडकं आणखी लाल आणि बॉनेट जागोजागी पांढरं. गाडीचा रंग साबणाच्या फेसासारखा हाताला येत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी अनिलकुमारांची मोटारसायकल वाजली. महादेवप्पांनी घरातली जाडजूड चादर आणून बॉनेटवर पांघरली आणि वरून चांगली दाबून बसवली.

अनिलकुमारांनी टायर बघितले, दारं उघडून बघितली, इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावली. मग ते चादरीपाशी थांबले.

"हे पांघरूण कशाला, अप्पा?"

"उन्हाचं."

"ऊन गेलं की कवाच."

त्यांनी चादर ओढली. ती सहजासहजी निघेना. निघाली तेव्हा मऊ पडलेल्या रंगात चादरीवर विणलेला मोर पिसाऱ्यासकट उमटला होता. अनिलकुमारांनी मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट रुमालाला पुसलं.

"अप्पा, मला गाडी पायजे होती. चादर आमच्या घरात हाय," ते म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

महादेवप्पांनी होईल तेवढ्या दुःखी आवाजात मंजुनाथला कळवलं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना हसू आवरेना. कुरडयांची पाटी घेऊन नागव्वा जिना उतरत होत्या.

"कावळ्यानं घात केला बघ."

"बघितला की मी. पयलं फडकं ओढला, मग बाटलीवर बसला."

"मग हाकला न्हाईस? काठी कुटं होती?"

"हातातच होती." नागव्वांनी पाटी खाली ठेवली. "एस्टीत तुमी खिडकीतनं भायेर बघत बसता. गाडीत निदान माझ्याशी बोलता तरी."

महादेवप्पांना फार बरं वाटलं. बाटलीत बोटभर ब्रेक ऑइल उरलं होतं. त्यांनी तिला घट्ट झाकण लावलं आणि माळ्याची शिडी ओढली.

"टाका की ती आता," नागव्वा म्हणाल्या.

"टाकून कसं चालंल?" शिडी चढत महादेवप्पा म्हणाले. "पुन्ना गिऱ्हाईक आलं म्हंजे?"