मुगाएवढी फुली

रेडिओ कंदीलच्या वेबसाइटवर 'थेट ऐका' हे बटण शोधायला गेलेल्या निवेदिका वत्सलाबाई रासने सोमवारपासून परतल्या नव्हत्या, आणि आता शुक्रवार उजाडला होता.

त्यांचे यजमान एकनाथराव, करमाळ्यातले बांगड्यांचे व्यापारी, दुकान बंद ठेवून केंद्रावर येऊन बसले. व्यवस्थापक देशमाने यांनी चहा दिला आणि समजावलं, की हरवल्याची नोंद 'संपर्क' या पानावर करायची असते. ते पान मात्र गॅसशेगडीच्या जाहिरातीखाली आहे, आणि शेगडीवर मंगल कार्यालयाची जाहिरात आहे. बाई चालत असाव्यात. मंगळवारी राशिभविष्याजवळून त्यांची हाक आली होती. काल ती दोन वर्षांपूर्वीच्या पाककृती स्पर्धेखालून आली, पण बारीक. उद्या सकाळी दिवाळीच्या चाळीस जाहिराती चढणार होत्या. त्यानंतर हाक ऐकू येईलच, असं केंद्र सांगू शकत नव्हतं.

"जुन्या काढा की मग," एकनाथराव म्हणाले.

"नारळ फोडून चढवलेली जाहिरात आम्ही उतरवत नाही, शेठ. गिऱ्हाईक अपशकुन मानतं. गेल्या साली तुम्हीच मानलात."

एकनाथरावांनी कपातला गार चहा पिऊन टाकला. अकराच्या सुमारास स्क्रीनवर, नेमकं त्यांच्याच दुकानाच्या जाहिरातीमागून, कुणीतरी टकटक केली.

"अहो, मी आहे. समोर तुमच्या बांगड्या आहेत. बंद करायची फुली कुठंय?"

एकनाथराव स्क्रीनजवळ वाकले. फुली वरच्या कोपऱ्यात होती, मुगाच्या दाण्याएवढी. एवढी बारीक ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं. जाहिरात बंद करता आली नाही की माणूस ती बघतो, हा त्यांचा अंदाज. देशमान्यांना तो इतका पटला की पुढे त्यांनी सगळ्याच जाहिरातींना तशी फुली दिली.

फुलीतून एक बोट बाहेर आलं. एकनाथरावांनी घाबरून ते ओढलं. बोट आत गेलं आणि अर्धा तास काहीच आलं नाही. देशमान्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एकनाथरावांनी पाहायचं टाळलं.

मग त्यांना वडील आठवले. जेऊरच्या एका नवरीला घट्ट चुडा भरताना एकनाथरावांनी तिचा हात ओढला, तेव्हा वडिलांनी त्यांच्या हातावर चापट मारली होती. हात ओढायचा नसतो, बाईला बोलतं ठेवायचं. बोलण्याच्या नादात हात सैल पडतो. एकनाथरावांनी वाटीत साबणाचं पाणी मागवलं.

"वत्सला, आजचे श्रोत्यांचे वाढदिवस सांग."

"लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझा एकदा तरी लक्षात राहिला का?"

"सांग गं."

त्या सांगू लागल्या. बोटं आली. एकनाथरावांनी अंगठ्याचं हाड आत दाबून मनगट काढलं. केमच्या जुळ्या भावांना शुभेच्छा देताना कोपर आलं, हवामानाला खांदा.

"गिऱ्हाईक बायकांचे हात रोज इतक्या हळू धरता होय?"

"त्या इतक्या अडकत नाहीत."

कांद्याच्या भावापर्यंत त्या अख्ख्या बाहेर आल्या. एक चप्पल आत राहिली. देशमान्यांनी तिची नोंद घेतली आणि बटण सापडलं का, असं विचारलं.

"सापडलं," पदर पिळत वत्सलाबाई म्हणाल्या. "श्रोते तिथंच आहेत सगळे. माझ्या मागोमाग निघालेत."

फुलीतून एक केसाळ बोट बाहेर आलं. एकनाथरावांनी वाटी जवळ ओढली आणि हात भिजवले.

"हात सैल सोडा," ते म्हणाले. "गाव कोणतं आपलं?"