शालिकभाऊंचा डाला

आमच्या लोखंडी कपाटाला आयुष्यात एकदाच पायमोजे घातले गेले, आणि तेही शालिकभाऊंच्या हुकमावरून. मी गावातल्या गावात भाड्याचं घर बदलत होतो. चार गडी कपाट उचलून घामाघूम उभे होते आणि शालिकभाऊ आपल्या पिकअपची मागची फळी अडवून.

"मास्तर, चार पायमोजे आना."

"कोणाला?"

"कपाटाले. त्याचे पाय पाहा, लोखंड हाये. लागन न डाल्याले."

डाला म्हणजे पिकअपचा मागचा, माल भरायचा भाग. मी शाळेत घालायचे पांढरे पायमोजे आणून दिले. त्यांनी एकेक उलटून पाहिला. एकाला अंगठ्याशी भोक होतं, तो परत केला. दुसरा मिळेपर्यंत ते चार गडी मला काय म्हणाले, ते मास्तरच्या जातीला लिहिता येत नाही.

धरणात गेलेल्या गावाचं पुनर्वसन झालं तिथं, पवनी तालुक्यात, मी शिक्षक आहे. शालिकभाऊ माझे शेजारी. साठीचे, काटकुळे, खांद्यावर कायम दुपट्टा. तो घाम पुसायला नसतो, डाला पुसायला असतो.

जगातले पिकअपवाले डाल्यात माल भरतात. शालिकभाऊ आधी डाल्यात बिछाना घालतात. सगळ्यात खाली जाड रबराचा पट्टा. हा चिखला गावच्या मँगनीज खाणीकडून भंगारात आलेला, दगड वाहून वाहून निवृत्त झालेला. त्यावर पोती, पोत्यांवर धानाची तनस म्हणजे वाळला पेंढा, आणि तनशीवर वाकळ. कडेच्या पत्र्याला सायकलच्या ट्यूबा कापून शिवलेल्या. एवढं सगळं झाल्यावर मालाला जागा किती उरते, हा प्रश्न गिऱ्हाइकानं विचारायचा नसतो. विचारलाच तर ते शांतपणे म्हणतात, "मंग दुसरी गाडी पाहा गा."

माल चढताना ते बाजूला उभे राहून एकच वाक्य म्हणत असतात, "आस्ते, लागन त्याले." नवीन माणसाला वाटतं, कोणीतरी आजारी आत झोपलं आहे. एकदा एक पाहुणा खरोखरच डोकावून विचारता झाला, "आजोबा आहेत का आत?"

आसगावच्या एका वरातीचं भाडं त्यांनी घेतलं होतं. वऱ्हाडी चढायला लागले तसे शालिकभाऊंनी आधी सगळ्यांच्या चपला उतरवल्या. मग बायकांच्या जोडव्यांकडे पाहत विचारात पडले. जोडवी उतरवायला सांगण्याची हिंमत झाली नाही, म्हणून मांडी घालून बसायला सांगितलं. शेवटी नवरदेव आला, हातात कट्यार घेऊन. तिला टोक होतं. शालिकभाऊंनी ती हातातून काढून घेतली आणि आपल्या सीटखाली ठेवली. मांडवाशी पोहोचल्यावर परत द्यायला विसरले. नवरदेव रिकाम्या हातानं बोहल्यावर चढला आणि त्याची आत्या अजून शालिकभाऊंशी बोलत नाही.

शेळ्यांचं तर विचारूच नका. बाजाराला बारा शेळ्या न्यायच्या होत्या. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण शब्द देऊन बसले होते. मग सकाळभर बसून त्यांनी अठ्ठेचाळीस खुरांना चिंध्या बांधल्या. बाजारात उतरल्या तेव्हा त्या शेळ्या तापल्या वाळूवरून चालल्यासारख्या पाय उचलत होत्या. गिऱ्हाईक रोग आहे म्हणून हात लावेना.

या साऱ्याचा सगळ्यात जास्त राग होता तो शेवंतावहिनींना. वाकळ त्यांनी स्वतः शिवलेली, ती डाल्यात गेली. "मले थंडीत एक पांघरूण, आन् त्या पत्र्याले चार," असं त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. शालिकभाऊ उत्तर देत नसत. बायकोला उत्तर न देण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता.

पण या उन्हाळ्यात वहिनींचं बोलणं बदललं. आमच्या पुनर्वसनाची जमीन म्हणजे मुरमाचं बरड. जुन्या गावात वहिनींच्या वालाच्या मांडवाखाली अर्धी गल्ली सावलीला बसायची म्हणे. इथं त्या दर वर्षी वाल लावतात आणि दर वर्षी वेल गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो. मुलगा नागपूरला असतो, तिसऱ्या मजल्यावर. तो बोलावतच होता. वहिनींनी या वेळी पेटी भरायला काढली.

"या मुरमात माया जीव लागत नाही, मास्तर," त्या मला म्हणाल्या. "एक वेल जगत नाही, त्या जागी मानसानं कायले राहावं? मी जाऊन राहिली. यांयले यायचं असन तर येतीन."

आणि 'हे' येणार नव्हते. नागपुरात गाडी गल्लीत उभी करावी लागते, पोट्टे डाल्यात चढून नाचतात, हे कारण. गावात हसू झालं. माणसानं बायको सोडली आणि पत्रा धरला, असं पारावर बोललं जाऊ लागलं. मलाही राग आला. शेजारधर्म म्हणून मी एक दिवस सुनावलं, "शालिकभाऊ, एका डाल्यासाठी वहिनींना एकट्या पाठवता?"

ते वाकळ झटकत होते. हात थांबला.

"मास्तर, आमचं दोन एकर वावर पान्यात गेलं. त्याचा मोबदला भेटला, त्याची ही गाडी घेतली. मंग हे काय हाये, सांगा?"

"पिकअप आहे."

"वावर हाये," ते म्हणाले. "वावर बी हाये आन् खळं बी हाये. धानाच्या खळ्यात चपला घालून कोनी चढते का? हेबी गेलं तर मायाजवळ काय राह्यलं?"

इतकी वर्षं या माणसाची थट्टा करत आलो याची मला मनापासून लाज वाटली. पण वहिनींची पेटी तशीच भरत राहिली.

त्यांच्या जाण्याला दोन दिवस होते. सकाळी पाहतो तर पिकअप जागेवर नाही, आणि अंगणात सगळा बिछाना पडलेला: पट्टा, पोती, तनस, वरती घडी घातलेली वाकळ. डाल्याला उघडं करून शालिकभाऊ कुठे गेले, हे वहिनींनाही ठाऊक नव्हतं. त्या भलत्याच घाबरल्या. "गाडी इकाले तं नाही नेली?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

दुपारी पिकअप आली ती मागून दबलेली. डाला काठोकाठ काळ्याभोर ओल्या मातीनं भरलेला, फटींतून चिखल गळत होता, आणि वर फावडं रोवलेलं. उन्हाळ्यात गोसीखुर्द धरणाचं पाणी मागं सरकतं. त्यांच्या वावराचा वरचा बांध उघडा पडला होता, आणि तिथली कन्हार, म्हणजे काळी कसदार माती ते पहाटेपासून एकटे भरत होते.

वहिनींच्या वालाच्या मांडवाशी गाडी लावून त्यांनी माती ओढायला सुरुवात केली. नागड्या पत्र्यावर फावडं खर्रखर्र घासत होतं. हिरवा रंग सोलून निघत होता. मला ते ऐकवेना.

"शालिकभाऊ, खाली निदान पट्टा तरी राहू द्यायचा."

"पट्टा ठेवला असता तं चार टोपले माती कमी आली असती," ते म्हणाले आणि ओढत राहिले.

वहिनी पुढे आल्या. एक ढेकूळ उचललं, चिमटीत फोडलं, वास घेतला. मग म्हणाल्या, "एवढ्यानं काय होते? मांडवाले अजून एक खेप लागन."

"जातो न," शालिकभाऊ म्हणाले.

तेवढ्यात घरात फोन वाजला. मुलगाच होता, नागपूरच्या एसटीची वेळ विचारत होता. वहिनी मातीच्या हातानंच फोन कानाला लावून बोलल्या ते आम्हां दोघांना बाहेर ऐकू आलं, "नाही बाबू, आता नाही येत. वाल लावून राहिली मी."

शालिकभाऊंनी फावडं टेकवलं. चेहऱ्यावर चिखल होता, तो पुसायचं त्यांना सुचलं नाही. माझ्याजवळ सरकून ते हळूच म्हणाले, "मास्तर, जात नाही न थे?"

"नाही जात."

"पक्कं आयकलं न तुमी?"

"पक्कं ऐकलं."

त्यांनी मला तीनदा विचारलं, आणि मीही तीनदा सांगितलं.