शेवटी ठेवलेला कोपरा

मंगलअक्का कॉम्प्युटरला पावणं म्हणते. सकाळी ऑफिसात आली की पर्स खुंटीला अडकवते, खुर्ची पुढे ओढते आणि बटण दाबता दाबता विचारते, "काय पावणं, आज तरी सरळ वागणार का न्हाय?" पावणं नुसते घूं करतात. मग ती माझ्याकडे वळते. "शालन, चहा ठेव गं. पावण्याचं लक्षण बरं दिसत न्हाय."

आमचं ऑफिस शाहूपुरीत आहे. कारखान्यांत लोखंड ओतून जे भाग तयार होतात, त्यांची ड्रॉइंगं इथं कॉम्प्युटरवर काढतात. मी झाडलोट करते, चहा देते. बोलायला मला जमत नाही. माझ्या वाट्याचंही अक्काच बोलते.

अक्काचं कोपऱ्यांशी वैर आहे. टोकदार कोपरा दिसला की तिच्या हाताला खाज सुटते. भिंतीवरच्या कॅलेंडरचे कोपरे तिनं कात्रीनं गोल केलेत. बिस्किटाचे चारी कोपरे ती आधी कुरतडून खाते, मग उरलेलं चहात बुडवते. साहेबांनी नवं टेबल आणलं, तर दुसऱ्या दिवशी ही पिशवीतून कानस घेऊन आली आणि घासत बसली.

"अक्का, नवं टेबल हाय ते!" साहेब ओरडले.

"टेबल नवं हाय, आमची कंबर जुनी हाय. कोपरा लागला तर तुम्ही शेकत बसणार काय?"

साहेब गुमान केबिनमध्ये गेले.

ड्रॉइंगमध्येही तीच गत. चौकोन काढला रे काढला की ती त्याचे कोपरे गोल करून टाकते. त्याला तिथं फिलेट म्हणतात. समोरच्या टेबलावर प्राजक्ता बसते. इंजिनीअर आहे, गुणाची पोरगी आहे. ती रोज सांगते, "अक्का, आधी ऑफसेट घ्या की. फिलेट शेवटी लावायचा." ऑफसेट मला रांगोळीवरून कळला. चौकोन काढून त्याच्या आत बोटभर सोडून तशीच दुसरी रेघ ओढतो ना, तसं.

अक्काचं उत्तर ठरलेलं. "शेवटी ठिवलं की ऱ्हातंय."

हे ती सगळ्यालाच म्हणते. डब्यातलं गोडही आधी खाते. "शेवटी ठिवलं की ऱ्हातंय."

त्या दिवशी पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग होतं. अक्कानं सवयीनं बाहेरचे कोपरे गोल केले आणि आतली रेघ काढायला गेली. रेघ येईना. पडद्यावर लाल अक्षरं आली. तिनं पुसून परत काढलं. परत लाल. मग चित्र मोठं करून करून तिनं प्रत्येक सांधा बघितला. "कुठं फट न्हाय, कुठं रेघ सुटल्याली न्हाय. मग तुझं पोट का दुखतंय पावण्या?"

प्राजक्ता उठून आली. "अक्का, झाकणाची भिंत जाड हाय आणि तुमची गोलाई बारकी. रेघ तेवढी आत सरकली की गोलाईला जागाच उरत न्हाय. कोपरं पुसा, आधी रेघ आत घ्या, मग गोल करा."

"भिंत बारीक करू?"

"गिऱ्हाइकानं जाडीच तेवढी सांगितलीय."

"मग पावण्यालाच नमवतो," अक्का म्हणाली आणि दुपारपर्यंत भांडत राहिली. शेवटी साहेब बाहेर आले. आज आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "अक्का, संध्याकाळी हे गेलं पायजे. न्हाय जमलं तर उद्यापासनं सगळी ड्रॉइंगं प्राजक्ताकडं. तुम्ही नुसत्या प्रिंटा काढा."

साहेब परत केबिनमध्ये गेले. अक्कानं मला हाक मारली.

"शालन, हितं उभी ऱ्हा. आता कोपरं पुसतो मी. रेघ आत घेतो, मग गोल करतो. एक जरी ऱ्हायला तर हाक मार."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"टोक दिसतंय न्हवं? मग झालं."

तिनं कोपरे पुसले. रेघ मुकाट आत सरकली. अक्का बाहेरचे कोपरे गोल करत गेली, मग आतले. तेवढ्यात साहेब आले. "आली रेघ? झालं की मग!" अक्काला राहवलं नाही. ती खुर्चीसकट गर्रकन वळली. "म्हटलं हुतं का न्हाय, पावणं नमणार म्हणून? मला प्रिंटा काढाय लावणार हुता व्हय?"

साहेब हसले. "बरं, चुकलं. प्राजक्ता, गिऱ्हाइकाला पाठव गं."

आतला खालचा एक कोपरा तसाच टोकदार होता.

"एक कोपरा राहिलाय," मी म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. प्राजक्ता उठून आली आणि तिचा हात अक्काच्या माउसवर गेला.

"थांबा!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "कोपरा ऱ्हायलाय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "अगं, एका कोपऱ्यानं काय हुतंय?"

"लोखंड तडकतंय तिथनंच. गार होताना." अक्का रोज हेच सांगते, म्हणून मला पाठ होतं. "गोल केल्याबिगर जाणार न्हाय."

मी जागची हलले नाही. अक्का वळली आणि तिनं कोपरा गोल केला. मग ड्रॉइंग गेलं.

संध्याकाळी ती मला उचगावला आपल्या घरी घेऊन गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा होता. त्याचा एक कोपरा इतका घासलेला, की लोण्याचा गोळा वाटावा.

"आईला नीट दिसायचं न्हाय," अक्का चहाचं पातेलं ठेवत म्हणाली. "घराचं काम काढलेलं. आधी रंग, मग फरशी. हा कोपरा म्हटलं शेवटी घासू." तिनं गॅस बारीक केला. "त्याच्यावरच पडली."

मी विचारलं, "मग घासला कधी?"

"ती गेल्यावर. लोकं म्हणत्यात, आता कुणासाठी? म्हटलं, माझा ओटा, माझी कानस. तुमचं काय जातंय?" मग पाठ फिरवूनच, हळू आवाजात म्हणाली, "हात फिरव की जरा. एवढा केलाय, तर कुणाचा तरी हात लागाय पायजे."

मी हात ठेवला. चहा उतू जायला आला तरी हात काढला नाही.