बरणीतला चंद्र

इंगळेदादांसाठी परदेशातून आलेलं एक पत्र मी दाबून ठेवलं आहे. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण त्या पत्राची किंमत कळायला आधी दादा कळायला हवेत.

अमरावतीत आमच्या शेजारी राहणारे इंगळेदादा नमस्काराला नमस्कार करत नाहीत. आधी तुमच्या बाहीवरचा एखादा तंतू चिमटीत धरतात, उन्हाकडे करून बघतात आणि विचारतात, "हे कावून चिकटलं असन?" तुम्ही काहीही सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला, "ते कावून?" तिसऱ्या 'कावून'ला, म्हणजे तिसऱ्या 'का'ला, माणूस उठून जातो. एका लग्नात तर त्यांचा हात थेट नवरदेवाच्या फेट्यापर्यंत गेला होता.

त्यांची हयात अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेली. सरकीपासून सुटलेली रुई कोरड्या हवेत यंत्राला, भिंतीला, माणसाला कशी चिकटते आणि हवा ओलसर झाली की कशी सोडते, हे ते तेव्हापासून बघत आले. निवृत्तीनंतर त्यांनी कुठंतरी वाचलं, की चंद्रावरची धूळसुद्धा अंतराळवीरांच्या कपड्यांना अशीच चिकटते, झटकली तरी जात नाही. झालं! "सर, तिथं तं हवाच नाही! मंग कावून?"

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मी स्थिर विद्युत समजावली. तिसऱ्या 'कावून'ला मला उत्तर येईना, पण मी उठून गेलो नाही. तिथून आमची जोडी जमली.

दादांनी लोणच्याची काचेची बरणी घेतली. शफीभाईंच्या फ्रीजदुरुस्तीच्या दुकानातून जुना कॉम्प्रेसर आणून बरणीतली हवा ओढून घ्यायची सोय केली. आत कापडाचा तुकडा आणि चांदूर बाजारकडची काळी माती, फडक्यातून सात वेळा चाळलेली. त्यांच्या पत्नी कांताबाई दारातून म्हणत, "चंद्रावरची धूय झाडाले निघाले! घरातला पंखा पुसा म्हटलं तं कम्मर दुखते!"

काही देशांनी मिळून चालवलेला एक निधी अंतराळ-तंत्रज्ञानातल्या मूलभूत संशोधनाला पैसे देतो. अर्ज जगातल्या कोणालाही करता येतो. आम्ही केला. दादा वऱ्हाडीत सांगत, मी इंग्रजीत टाइप करी. 'या संशोधनाचा उपयोग काय?' असा रकाना आला.

"ते मालूम असतं तं इचारलं असतं का, सर? लिहा, मालूम नाही."

मी तसंच लिहिलं. खर्चाच्या रकान्यात त्यांनी एक चांगला पंप, जाड काचेची बरणी आणि रबरी वायसर मागितले.

"आणि तुमचं मानधन?"

"माह्यं कायचं? मी तं फुकटच इचारून राहिलो."

दोन महिन्यांनी निधीचं पत्र माझ्या मेलवर आलं : प्रश्न आम्हाला आवडला, पण आम्ही देतो त्या किमान रकमेपेक्षाही तुमची मागणी कमी आहे. कृपया ती वाढवा आणि एखाद्या शिक्षणसंस्थेचं पत्र जोडून तीन आठवड्यांत पाठवा.

आधी मला हसू आलं. मग आठवलं, याच निधीकडे मी स्वतः दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा एका ओळीत नकार. आता प्राचार्यांची सही मागायला गेलो, की स्टाफरूमभर होणार : प्रोफेसर नापास, फिटर पास. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता मुदत टळली. नाही, इथंही मी लपवतोय. ती टळायची मी वाट बघत होतो.

"आलं का काही?" दादा रोज कंपाउंडवरून विचारत.

"नाही."

पुढे त्यांनी विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

परवा ते वही घेऊन आले. यंदाचे अर्ज सुरू झाल्याचं त्यांनी स्वतःच मोबाईलवर शोधलं होतं. बसले. मग म्हणाले, "सर, औंदा वरतं तुमचं नाव टाका. माहं टाकूच नका."

"का हो?"

"मागच्या खेपी तुमी किती मेहनत केली. जिनचा फिटर पाहून त्याइनं फेकून देलं असन. माह्या नावापायी तुमची मेहनत वाया गेली. मले लय वाईट वाटून राहिलं तवापासून. उत्तर सापडलं तं मले फक्त सांगजा."

मी "बघू" म्हणालो. ते वही माझ्या टेबलावर ठेवून गेले.

त्या पत्राची मुदत गेली, तिला आता इलाज नाही. पण त्यांच्या नावामुळे काहीही बिघडलं नव्हतं, बिघडवलं ते मी, हे त्यांच्या दारात जाऊन सांगायचं माझ्याकडे राहिलं आहे.