एक ठोकळा, एक झाकण

रविवारी सकाळी गल्लीची साफसफाई आटोपली, झाडू भिंतीला टेकले आणि गल्लीप्रमुख पाक दार्मो यांनी कमरेवर हात ठेवून विषय काढला, तेव्हा निंग्रुमच्या हातात अजून गटारातला गाळ उपसायचं फावडं होतं. तरी सगळ्यांच्या आधी तीच बोलली.

"कोर्ट दीड मीटर आखूड झालंय. कुणामुळे, ते मी आत्ताच्या आत्ता दाखवते."

इंडोनेशियातल्या मालांगमध्ये थोरामोठ्यांना 'पाक' नि 'बू' म्हणतात. तिथल्या त्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. एका अंगाला निंग्रुमचं घर, समोरच्या अंगाला पाक गुनाडींचं, आणि मध्ये बॅडमिंटनचं कोर्ट. महामारीत सगळे घरात कोंडलेले असताना तिकडे कुणी फिरकलं नाही. मग वरून नवं सिमेंट पडलं, पांढऱ्या रेघा गाडल्या गेल्या, आणि आता सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सामन्यांसाठी टेप धरली तर कोर्ट काही केल्या मावेना. पाक गुनाडींनी मधल्या काळात गाडीसाठी पत्र्याची शेड ठोकली होती. त्यामुळे जागा कुणी खाल्ली हे गल्लीने कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

"आज निकाल लागला नाही तर सामने पलीकडच्या गल्लीत," पाक दार्मो म्हणाले.

पलीकडची गल्ली म्हणजे पंच त्यांचे, टाळ्या त्यांच्या आणि वारासुद्धा त्यांच्याच बाजूने वाहणारा. गेल्या वर्षी निंग्रुम तिथेच हरली होती. यंदा हरायचा तिचा अजिबात विचार नव्हता.

"पुरावा काय?" पाक गुनाडींनी विचारलं. माणूस कमी बोलायचा.

"पुरावा म्हणजे आख्खी गल्ली. नऊ वर्षांची होते तेव्हा मी ती ठोकळ्यांच्या गेममध्ये बांधली होती. एक ठोकळा म्हणजे गटारावरचं एक झाकण, अर्ध्या मीटरचं. प्रत्येक झाकण मोजलंय. आणि झाकणं आजही तीच आहेत, बदललेली नाहीत."

पाक दार्मोंच्या ओसरीवर टीव्ही होता. निंग्रुमने त्यावर फोन जोडला आणि गेम उघडला. गल्ली दिसली खरी, पण शेजारच्या बू तिनाहच्या घरामागे एक बर्फाचा डोंगर उभा होता आणि त्यावरून एक पांढरं अस्वल शांतपणे खाली बघत होतं.

"मालांगमध्ये बर्फ कधी पडला?" पाक गुनाडी म्हणाले. "अस्वल खोटं आणि माझी शेड तेवढी खरी, असं कसं चालेल?"

"नव्या व्हर्जनला गप्प बसवत नाही हो. कडेकडेने आपल्या मनाचं काहीतरी उगवत राहतं. जुन्या व्हर्जनमध्ये उघडते. जसं होतं तसंच दिसेल."

"जाऊ दे ना, नदुक," तिचे बापाक, म्हणजे वडील, एकदम म्हणाले. बापाक एरवी तिला लाडाने नदुक म्हणत नसत. "जुना लॅपटॉप मी भंगारात दिला."

"कधी?" केळ्याच्या भज्यांचं ताट घेऊन आलेल्या तिच्या आईने, इबूने, विचारलं. "कपाटावर तर आहे. कालच पुसला मी."

"त्याचा चार्जर नाहीये."

"चार्जर त्याच्याच पिशवीत आहे की."

बापाकांनी एक भजं उचललं आणि पुढचं बोलणं टाळण्यापुरतं सावकाश खाल्लं. मोठ्या माणसांचा यंत्रांवर विश्वासच नसतो, असं मनाशी म्हणत निंग्रुम लॅपटॉप आणायला पळाली.

लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि जुनं व्हर्जन सुरू झालं. डोंगर नाही, अस्वल नाही. नऊ वर्षांच्या हातांनी रचलेली ठोकळ्या-ठोकळ्यांची गल्ली तेवढी. निंग्रुमचा ऊर भरून आला. मग तिला दोन गोष्टी आठवल्या. एक, या व्हर्जनमध्ये पळता येत नाही, नुसतं चालता येतं. आणि दोन, तिने प्रत्येक घरापुढे एकेक पाटी लावली होती.

पहिली पाटी हळूहळू जवळ आली. बू तिनाह चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागली. "'पाक दार्मो. भाषण लांब. मागच्या वाटेने जावे.'"

ओसरी खोकू लागली. पाक दार्मोंनी घसा साफ केला. "पोरवयातलं आहे. पुढे घे."

"याहून लवकर पुढे जाता येत नाही, पाक."

दुसरी पाटी आली तशी बू तिनाहने चष्मा काढून पुसायला घेतला. ती इबूने वाचली. "'बू तिनाह. आंबे देत नाही. मोजून ठेवते.'"

"अजूनही मोजते," बू तिनाह म्हणाली. "सात गेलेत यंदा. पुढे चल."

अशी वरात गल्लीच्या टोकाला पोचली. पाक गुनाडींच्या फाटकावर पाटी होती, 'पाक गुनाडी. पतंग अडकला तर काढून देतात.' पाक गुनाडींनी ती दोनदा वाचली आणि टोपी काढून परत घातली.

"आता बघा," निंग्रुम म्हणाली. "यांच्या फाटकापासून झाकणं मोजायची. एक, दोन. इथे कोर्टाची रेघ."

पाक दार्मोंनी उठून खऱ्या फाटकापासून खरी झाकणं मोजली. शेड बरोबर दुसऱ्या झाकणावर संपत होती. तिसऱ्याला पत्र्याची सावलीसुद्धा शिवत नव्हती.

गल्ली थोडी अवघडली. इतके दिवस पाक गुनाडींना कुणी धड चहा पाजला नव्हता.

"मग दुसरं टोक," बू तिनाह म्हणाली.

निंग्रुम पडद्यावरच्या कोर्टावरून चालू लागली. मोजताना तिचा आवाज आधी खणखणीत होता. सव्वीसला बारीक झाला. एकोणतिसाव्या झाकणावर पांढरी रेघ होती आणि रेघेपलीकडे फणसाचं झाड.

"हा फणस आता कुठे गेला?" बू तिनाहने विचारलं.

सगळ्यांनी माना वळवल्या. खऱ्या गल्लीत सव्वीसाव्या झाकणाशी निंग्रुमच्या घरचं स्वयंपाकघर सुरू होत होतं. पिवळ्या रंगाचं, ऐसपैस.

बापाकांनी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "नऊ वर्षांची होतीस गं. मोजताना चुकले म्हण. कोण काय म्हणणार आहे?"

खरंच कुणी काही म्हटलं नसतं. पाक दार्मो तर तिच्याकडे जवळजवळ विनवणीच्या नजरेने बघत होते. रविवारच्या दिवशी शेजाऱ्याचं स्वयंपाकघर पाडायला सांगणं कुणाला आवडतं? निंग्रुमने पडद्याकडे पाहिलं. एकेक झाकणावर उकिडवं बसून, बोट टेकवून मोजणारी ती पोरगी तिला लख्ख आठवली. गल्लीतल्या एकाही माणसाची तिने भीड ठेवली नव्हती.

"चुकले नाहीये," निंग्रुम म्हणाली. "तीन झाकणं आमच्याकडे आहेत."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," इबू भजी वाढता वाढता म्हणाली. "दोन माणसं उभी राहिली तरी पुरे. पण यांना माझ्यासाठी महाल बांधायचा होता."

मग रीतसर मसलत झाली. पाक दार्मो लांब बोलले आणि या खेपेला मागच्या वाटेने कुणी गेलं नाही. शेवटी तोडगा पाक गुनाडींनीच काढला. भिंत काढायची, ओटा राहू द्यायचा, सामन्यांनंतर बघू. शनिवारी बापाकांनी स्वतः घण चालवला आणि विटा उचलायला पाक गुनाडी आले. दोघे एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, पण चहा एकाच किटलीतून प्याले.

सतरा ऑगस्टला मुलींची अंतिम लढत रंगली. मागची रेघ चुलीच्या दोन बोटं अलीकडून गेली होती. इबू सगळ्या गल्लीसाठी सोयाबीनचे टेंपे तळत होती, आणि जागा इतकी चिंचोळी की रेघेवरचा पंच म्हणूनही तिलाच नेमलं होतं. वीस-वीस झाले. पलीकडच्या गल्लीच्या पोरीने शटल उंच उडवलं. निंग्रुमने मागे सरत अंदाज घेतला, बाहेर जातंय असं ठरवलं आणि मोठ्या रुबाबात रॅकेट खाली केली.

शटल चुलीशी पडलं. सगळ्यांनी इबूकडे पाहिलं.

इबूने टेंपे उलटला, वाकून नीट बघितलं आणि झारा खाली केला.

"आत."

निंग्रुमने तोंड उघडलं. मग रेघेकडे पाहिलं, आणि मिटलं.

"एकवीस-वीस," पाक दार्मो म्हणाले.

"असू दे," निंग्रुम म्हणाली, आणि शटल उचलून तिने ते समोरच्या पोरीकडे टोलवलं. "अजून एक गुण लागतो तुला. कर सर्व्हिस."