लाल दिव्याची मूळ प्रत

अपघात प्रतिबंध विभागाच्या एकुलत्या एका मोटारीत सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ब्रेकचा लाल दिवा लागला. तो लागल्याची नोंद त्याच दिवशी घेण्यात आली. का लागला, हे नोंदवायला मात्र विभागाकडे रकाना नव्हता.

मोटार सतरा वर्षांची होती. ती चालवणाऱ्या काकांची नोकरी एकतीस वर्षांची, त्यात एकही अपघात नाही आणि निवृत्तीला उरले होते दोन महिने. कार्यालय टेकडीवर, फाटकाबाहेर पडलं की सरळ उतार. नियम असा होता की अपघात झाल्यास नोंदवहीत ज्याचं नाव तोच जबाबदार, आणि चौकशी संपेपर्यंत त्याचं निवृत्तिवेतन बंद. एखादी चौकशी संपल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दिवा बघून काका तडक वाहन शाखेत गेले ते यामुळे.

"गाडी बिघडली का?" वाहन शाखेच्या बाईंनी विचारलं.

"अजून नाही. पण बिघडणार, असं दिवा सांगतोय."

"मग बिघडल्यावर या ना. फॉर्म बिघाडाचा आहे. बिघाडाची तारीख काय घालू मी, पुढची?"

काका हट्टाला पेटले. त्यांनी असा काही अर्ज केला की तीन अधिकाऱ्यांची पाहणी समिती नेमावीच लागली. समिती आली आणि रीतीप्रमाणे मागे बसली. चालकाच्या जागेवर बसणं अधिकाऱ्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं, शिवाय नियमातही नव्हतं. तिघांनी दाटीवाटीने माना लांबवून पुढे पाहिलं. आठवड्याने अहवाल आला: 'समितीस दिवा आढळला नाही. चालकाचा खांदा आढळला.'

थोडक्यात, दिवा ज्याला दिसत होता त्याला सहीचा अधिकार नव्हता आणि सहीचा अधिकार ज्यांना होता त्यांना दिवा दिसत नव्हता. काकांनी मोबाइलवर फोटो काढून त्याची प्रत जोडली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही तर झेरॉक्सच झाली की. यावर साहेबांची सही हवी, आणि सहीसाठी त्यांना मूळ प्रत पाहावी लागणार."

"मूळ प्रत म्हणजे?"

"म्हणजे दिवा."

घरी जेवताना काकांनी हे सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, काढून न्या आणि दाखवा एकदाचा. महिनाभर ताटावर बसून दुसरं काही बोलला नाहीत."

दुसऱ्या दिवशी काकांनी स्क्रू ड्रायव्हरने डॅशबोर्ड उघडला, वाटाण्याएवढा तो दिवा रुमालात गुंडाळला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो चिमटीत धरून उजेडात फिरवला, मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिला.

"काका, हा तर लागत नाहीये."

"साहेब, तो गाडीत लागतो."

"गाडीत आत्ता लागतोय का?"

"आत्ता कसा लागेल? तो इथे आहे."

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं.

तक्रार निकाली निघाली. दिवा पुरावा म्हणून पाकिटात घालून फाइलला टाचण्यात आला. तो परत हवा असेल तर वेगळा अर्ज करायचा होता, सोबत दिवा चालू असल्याचा दाखला जोडून. वार्षिक अहवालात मोटारीचा उल्लेख 'इशारामुक्त वाहन' असा झाला आणि ही पद्धत आम्हालाही कळवा, म्हणून इतर तीन विभागांची पत्रं आली. काका मात्र ब्रेक दोन-दोनदा दाबत, दुसऱ्या गियरमध्ये, जीव मुठीत धरून रोज तो उतार उतरत राहिले.

निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभात साहेब उभे राहिले. "एकतीस वर्षं काकांनी आम्हाला नेलं. आज काका मागे बसतील आणि गाडी मी चालवणार." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांचे फोन वर झाले.

काकांचा चेहरा पडला. "साहेब, नको. ब्रेक लागत नाही हो."

"काका, आज तुम्ही साहेब. निवांत बसा. काळजी चालकाने करायची असते."

उताराच्या तळाशी विभागाचाच 'वेग आवरा' हा फलक होता. त्याने मोटार अडवली. साहेबांचा हात मोडला, काकांचा पाय. बाईंना अखेर फॉर्मवर बिघाडाची तारीख घालता आली. नोंदवहीत संध्याकाळी सहापर्यंत चालक म्हणून काकांचं नाव होतं आणि अपघात झाला होता पाच चाळीसला. चौकशी सुरू आहे, निवृत्तिवेतन बंद आहे.

प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून काकांनी शेवटचा पुरावा म्हणून त्या समारंभाचा व्हिडिओ मिळवला. त्यात 'ब्रेक लागत नाही' असं म्हणताना त्यांचे ओठ स्पष्ट हलतात. ऐकू मात्र येत नाही, कारण कुणीतरी वर बासरी चढवली आहे. लाखभर लोकांनी 'साहेब असावा तर असा' म्हणत तो पुढे पाठवला. तुम्हीही पाठवलात. फोनमध्ये असेल अजून, पाहा: गाडी फाटकातून बाहेर पडते आहे आणि मागच्या काचेतून काका दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवताहेत. ते निरोप घेताहेत असं वाटून तुम्ही खाली हृदय टाकलं होतंत.