सत्तेचाळीस ट्रॅक आणि एक भिंत

"या वेळी नाही म्हणून दाखवा म्हणावं!" चष्मेवाल्याने बायकोला बजावलं.

चष्मे विकणाऱ्या माणसाने नाचाचं गाणं करू नये, असा काही कायदा नाही. पण वरच्या मजल्यावरच्या व्यायामवाल्या ताईंनी ते दोनदा परत पाठवलं होतं! त्यांच्या रविवारच्या वर्गात चाळीस माणसं गाण्यांवर घाम गाळायची. आपल्या गाण्यावर त्यांना एकदा तरी उड्या मारताना पाहायचं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. ताई म्हणायच्या, "फार गर्दी झालीय हो. थोडं कमी करा."

कमी? गाण्यात एकावर एक चढवलेल्या आवाजांचे बेचाळीस ट्रॅक होते, त्याने त्यांचे सत्तेचाळीस केले!

"अहो, घरातले सगळे एकदम बोलायला लागले तर कळतं का काही?" बायको म्हणाली.

"ऐकणाऱ्याला कान हवेत!"

त्याला कमी वाटत होता तो फक्त खालचा ठोका. तो ज्या खोलीत गाणं करायचा, तिची खोडच तशी होती. बरोबर मध्ये बसलं की ठोका ऐकूच यायचा नाही, सगळा भिंतींपाशी जाऊन साठायचा. चष्मेवाल्याची खुर्ची बरोबर मध्ये. "दम नाही, अजून दम नाही!" करत त्याने ठोक्याचा आवाज पार टोकाला नेला.

शेजारच्या खोलीत सासऱ्यांची कवळी पेल्यात नाचायला लागली.

"जावईबापू, पळा! भूकंप!"

दोन मिनिटांत अख्खी इमारत रस्त्यावर. कुणी अर्धी दाढी केलेला, कुणाच्या हातात कुकरचं झाकण. चष्मेवालाही गाणं तसंच चालू ठेवून सगळ्यांच्या पुढे धावला!

इमारत काही पडली नाही. बंद खिडकीआडून नुसतं ऐकू येत होतं, ढुम्... ढुम्... ढुम्. बाकीचे शेहेचाळीस ट्रॅक भिंतीतच अडकले होते. सासऱ्यांचा गुडघा हलायला लागला. अर्ध्या दाढीवाल्याचे खांदे उडायला लागले. ताईंनी तर केव्हाच ताल धरला होता.

"हे कुणाचं हो?"

"माझं!" चष्मेवाल्याची छाती फुगली.

"मग एवढंच द्या की! बाकीचं काढून टाका."

शहाण्या माणसाने इथे मान डोलावली असती.

"एकही ट्रॅक काढणार नाही! घ्यायचं तर अख्खं घ्या!"

ताईंनी क्षणभर विचार केला. "बरं. अख्खं घेते."

रविवारी तो बायकोला घेऊन वर्गात गेला. चाळीसच्या चाळीस माणसं त्याच्या गाण्यावर उड्या मारत होती! त्याला भरून आलं. चष्मा पुसत तो म्हणाला, "बघ! सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस वाजतायत!"

"वाजतायत खरे," बायको इकडे तिकडे बघत म्हणाली. "पण स्पीकर कुठाय?"

स्पीकर कपडे बदलायच्या खोलीत होता. दार लावलेलं, आणि दाराला बाहेरून व्यायामाच्या दोन गाद्या टेकवलेल्या.

चष्मेवाल्याने चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"आत वाजतायत ना? मग झालं तर!"